बारवांची वही आणि तिची प्लगइन्स

मराठवाड्यातल्या बारवा बघत फिरणं हा माझा जुना नाद आहे. पायऱ्यांच्या या विहिरींची मापं घ्यायची, प्रवेश कोणत्या दिशेला ते पाहायचं, देवकोष्ठं म्हणजे मूर्तींचे कोनाडे मोजायचे, पाण्याची अवस्था टिपायची. एका बारवेची माहिती कधी एका जागी मिळत नाही. थोडी गॅझेटियरमध्ये असते, थोडी पायऱ्या उतरल्यावर दिसते आणि उरलेली पारावर बसलेल्या म्हाताऱ्या माणसांकडून कळते. हे सगळं एकत्र ठेवायला मी ऑब्सिडियन हे टिपणांचं ॲप वापरतो. त्याहून जास्त जीव जडलाय तो त्यासाठी लोकांनी बनवलेल्या प्लगइन्सवर.

कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात शिकलेल्या शिदा ली आणि एरिका शू यांनी २०२० मध्ये हे ॲप आणलं. यातलं प्रत्येक टिपण म्हणजे आपल्याच कॉम्प्युटरवरची मार्कडाउनची साधी फाइल. ॲप हटवलं तरी ती कुठल्याही एडिटरमध्ये उघडते. लिहिणं आणि टिपणं एकमेकांना जोडणं एवढं काम मूळ ॲप चोख करतं. त्यापलीकडे कुणाला काही हवं असेल तर ते वापरणाऱ्यांपैकीच कुणीतरी बनवतं आणि सगळ्यांसाठी खुलं करतं. अशी २०००हून अधिक प्लगइन्स आज आहेत, बहुतेक फुकट. गाळाने भरलेली बारव उपसायला गाव श्रमदानाला उतरतं, तसंच हे काम आहे. गरज एकाची असते, सोय सगळ्यांची होते.

माझ्या यादीत पहिलं नाव डेटाव्ह्यूचं. प्रत्येक टिपणाच्या डोक्यावर मी चार-पाच रकाने भरतो: गाव, तालुका, प्रकार, भेटीची तारीख, पाणी पूर्वी कोणत्या महिन्यापर्यंत टिकायचं आणि आता कधीपर्यंत टिकतं. प्रकार लिहिताना शिल्पशास्त्रातली विभागणी कामी येते. एका प्रवेशाची नंदा, दोन प्रवेशांची भद्रा, तीन प्रवेशांची जया आणि चारी बाजूंनी उतरता येणारी विजया. मग एका वेगळ्या टिपणात तीन-चार ओळींचा प्रश्न लिहायचा. ‘फ्रॉम’पुढे फोल्डर, ‘व्हेअर’पुढे अट, ‘सॉर्ट’पुढे क्रम. लगेच तक्ता हजर होतो आणि नवं टिपण लिहिलं की तोही आपोआप वाढतो.

याचा खरा उपयोग उन्हाळ्याच्या तोंडावर कळला. आमच्या ओळखीतला एक गट सुट्टीच्या दिवशी बारवांची सफाई करतो. यंदा कुठून सुरुवात करायची, असं त्यांनी विचारलं. मी प्रश्नात एकच अट घातली: पाणी होळीआधी आटतं, पण पूर्वी बारमाही होतं अशा बारवा दाखव. वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या तोंडून ऐकलेल्या गोष्टी एका तक्त्यात उभ्या राहिल्या. ‘आमच्या लहानपणी जेठातबी पाणी हटत नव्हतं,’ हे कुण्या आजोबांचं वाक्यही त्यातल्या एका टिपणात होतं. कुठे गाळ साचला असावा, याचा अंदाज त्या तक्त्यावरून बांधता आला.

दुसरं प्लगइन मॅप व्ह्यू. टिपणात अक्षांश-रेखांश लिहिले की ते नकाशावर टाचणीसारखं दिसतं. आपल्याकडे पिंपळगाव आणि पिंपरी किती! नावावरून होणारा घोळ नकाशाने मिटवला. शिवाय पसरलेल्या टाचण्या एकदम बघितल्या की नवे प्रश्न सुचतात. दोन जुन्या बाजारगावांमधल्या बारवा मला एका ओळीत दिसल्या, आजच्या डांबरी रस्त्यापासून बऱ्याच लांब. तिथल्या एका काकांना विचारलं, तर म्हणाले, ‘बैलगाड्यांची वाट हितनंच जायाची की.’ टिपणं सुटी सुटी वाचून हा प्रश्न माझ्या मनात कधीच आला नसता.

तिसरं एक्सकॅलिड्रॉ. काही बारवा शब्दांत मावत नाहीत. परभणी जिल्ह्यातल्या वालूरची चक्राकार बारव घ्या. तिच्या पायऱ्या गोल फिरत खाली उतरतात आणि हे लिहून सांगायला गेलं तर परिच्छेद अपुरा पडतो. एक्सकॅलिड्रॉमध्ये हाताने काढल्यासारखी रेघ उमटते, त्यामुळे मोजपट्टी घेऊन काढलेला कच्चा आराखडा जसाच्या तसा उतरवता येतो. आराखड्यात देवकोष्ठाच्या जागी दुसऱ्या टिपणाचा दुवा लिहिला, की त्यावर क्लिक करून थेट त्या मूर्तीच्या वर्णनापर्यंत पोचता येतं. चित्राची फाइल साध्या मजकुरासारखी वाचता येत नाही, म्हणून प्रत्येक चित्राची कुठल्याही ब्राउझरमध्ये उघडणारी एसव्हीजी प्रत आपोआप निघेल अशी सेटिंग मी लावून ठेवली आहे.

टेम्प्लेटर नव्या टिपणाचा साचा भरून देतं आणि गिटचं प्लगइन ठरावीक वेळाने सगळ्या बदलांची नोंद ठेवतं. दोघंही मुकाट काम करतात.

ही प्लगइन्स ज्यांनी बनवली, त्यांना पोटापाण्याचे दुसरे उद्योग असतात. उद्या कुणाला वेळ मिळणार नाही, एखादं प्लगइन मागे पडेल. शिवाय सुरू केलेलं प्लगइन आपल्या सगळ्या फाइली वाचू शकतं, म्हणूनच ऑब्सिडियन ती सोय सुरुवातीला बंद ठेवतं आणि आपली परवानगी मागतं. नवं काही घेताना मी आधी त्यात शेवटचा बदल कधी झाला ते पाहतो. मग स्वतःला विचारतो: हे काढून टाकलं तर माझी नोंद वाचता येईल का? डेटाव्ह्यू गेलं तर तक्ता जाईल, पण रकाने टिपणातच राहतील. मॅप व्ह्यू गेलं तरी अक्षांश-रेखांश राहतील. २०२५ मध्ये ऑब्सिडियनने बेसेस नावाची तक्त्यांची स्वतःची सोय आणली, तेव्हा माझे तेच रकाने तिथेही चालले. एक अक्षर पुन्हा टाइप करावं लागलं नाही.

नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी सांगतो, आधी महिनाभर नुसतं लिहा. काय अडतंय ते कळलं की त्यापुरतं एक प्लगइन घ्या. ते उपयोगी पडलं तर बनवणाऱ्याला जमेल तेवढी देणगी पाठवा, दोष सापडला तर नीट लिहून कळवा. दुसऱ्याच्या कष्टावर आपली वही उभी राहते, तेव्हा तिच्या देखभालीतला आपला वाटा आपणही उचलायला हवा.