आधी तेल, मग चावी

श्टुटगार्टच्या त्सुफेनहाउझेन भागात पोर्शेचा कारखाना आहे. १९७५ ते १९८९ या काळात बनलेली पहिल्या पिढीची ९११ टर्बो या शहरात कुणाच्या तरी गॅरेजमध्ये कापडाखाली उभी असते, आणि मालकाने मनावर घेतलं की प्रश्न पडतो, दुरुस्तीला द्यायची कुणाकडे? कोपरगावात असं कोडं चार जणांना विचारून सुटतं. मिस्त्रीचा हात कसा आहे, शब्द पाळतो की नाही, हे गावाला ठाऊक असतं. परक्या शहरात ही ओळख नसते, म्हणून माणसं कंपनीची पाटी किंवा भिंतीवरचं प्रमाणपत्र बघतात. माझ्या मते भरवशाची खूण वेगळी आहे: बंद गाडी समोर आल्यावर कोणतं काम आधी करणार आणि का, हे त्या माणसाला सांगता आलं पाहिजे.

उभी राहून गाडी बिघडतेच, पण घाईने सुरू केली की त्याहून जास्त बिघडते. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखभर फेरे घेतो, तेही तेलाच्या पातळ थरावर तरंगत. वर्षानुवर्षं बंद असलेल्या इंजिनात तो थर निथळून गेलेला असतो. तशीच चावी फिरवली तर शाफ्ट कोरडा घासतो. संजीवनी किंवा कोळपेवाडीच्या साखर कारखान्याच्या परिसरात वाढलेल्याला हे फोड करून सांगायला नको. साखर कारखान्यात टर्बाइनवर वाफ सोडण्याआधी तेलाचा पंप चालू करून दाब बघतात, तीच शिस्त इथे हवी. जुनं तेल काढून नवं भरायचं, प्लग काढून सिलिंडरमध्ये बारीक कॅमेरा घालून गंज बघायचा, इंजिन हाताने फिरवायचं, आणि पेट्रोल व ठिणगी बंद ठेवून तेलाचा दाब येईपर्यंत नुसत्या स्टार्टरवर फिरवायचं. पेट्रोलची बाजू याहून नाजूक. या गाडीत बॉशची के-जेट्रॉनिक ही यांत्रिक इंजेक्शन यंत्रणा आहे आणि तिच्यातला प्लंजर इतका घट्ट मापात बसतो की शिळ्या पेट्रोलच्या चिकट्याने अडकून पडतो. जाणता कारागीर सहाही इंजेक्टरखाली मापाच्या नळ्या धरतो आणि प्रत्येकीत पेट्रोल सारखं पडतं का ते पाहतो. आपल्याकडचा डिझेल पंपवाला टेस्ट बेंचवर हेच करतो. एका सिलिंडरला पेट्रोल कमी पडलं तर टर्बोच्या दाबाखाली पिस्टन जळू शकतो. इतका वेळ या नळ्यांवर घालवणारा माणूस मला फार मोलाचा वाटतो.

कुणी म्हणेल, जर्मनीत मोटार दुरुस्तीच्या धंद्याला मास्टर कारागिराची परीक्षा लागते, तेवढं पुरे नाही का? त्या परीक्षेबद्दल मला आदर आहे. पण ती शिक्षणाची हमी देते, याच इंजिनाच्या सरावाची नाही. ज्याची उमेदीची वर्षं संगणक जोडून दोष वाचण्यात गेली, त्याला १९७८ च्या टर्बोत जोडायला सॉकेटच सापडणार नाही. ट्यूफची तपासणी गाडी रस्त्यावर सुरक्षित आहे का ते बघते. टर्बो उघडून झीज मोजणं तिचं काम नाही. महाराष्ट्र मंडळातली शिफारस मनापासून असते, पण ती बहुधा रोजच्या गाडीच्या सर्व्हिसिंगवरून केलेली असते. कंपनीच्या क्लासिक विभागाकडे सुटे भाग आणि जुन्या नोंदी आहेत, मग तिथेच का नेऊ नये, हा आक्षेप वजनदार आहे. तरीही कामाचा क्रम तिथेही विचारावा.

उरतो पैशाचा मुद्दा. अंदाजापेक्षा खर्च बराच वाढणार असेल तर कारागिराने ताबडतोब कळवावं आणि ग्राहकाला काम थांबवता यावं, अशी तरतूद जर्मन कायद्यात आहे. पण इंजिन उघडण्याआधी पूर्ण खर्च प्रामाणिकपणे कुणालाच सांगता येत नाही. नुसती बाहेरून बघून ठाम आकडा देणाऱ्यापासून दूर राहावं. त्यापेक्षा पहिला करार फक्त तपासणीचा करावा आणि त्याचे पैसे वेगळे द्यावेत. कॉम्प्रेशनचे आकडे, शाफ्टची ढिलाई मिलिमीटरमध्ये, सिलिंडरचे फोटो, ब्रेक कॅलिपरची अवस्था, हे सगळं लेखी मागावं. त्यानंतर काम पटलं नाही तर तोच अहवाल घेऊन गाडी ट्रेलरवर चढवून दुसरीकडे नेता येते, आणि पुढच्या कारागिराला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.