परसदारची शाळा

मुलांना जे शिकवावयाचे ते आपणांस आधी आले पाहिजे, असे आम्ही तीस वर्षे मानीत आलो. मुख्याध्यापकाच्या खुर्चीवर बसणाऱ्यास तसे न मानून चालतही नाही. परंतु गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात, आमच्या वडोदऱ्याच्या घराच्या परसात, या सिद्धान्तास चांगलाच तडा गेला. त्याची ही हकीकत.

धाकट्या बंधूंची दोन मुले आमच्यातच वाढतात. थोरला अकरा वर्षांचा, धाकटी आठ वर्षांची. सुटीत दोघांचेही डोळे दिवसभर मोबाइलच्या पडद्याला चिकटलेले पाहून आम्ही त्यांना पक्ष्यांची ओळख करून देण्याचे ठरविले. जित्याची खोड म्हणतात ती अशी, की आम्ही आरंभ केला तो यादीने! वीस पक्ष्यांची नावे, त्यांचे संस्कृत पर्याय, पाठ करून दाखविण्याची मुदत. तिसऱ्या दिवशी वही कोपऱ्यात पडली होती. तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी काही न बोलता मातीचे एक परळ घेतले, त्यात पाणी भरले आणि मांजरास सहज झडप घालता येणार नाही अशा बेताने ते परसातल्या मोकळ्या कट्ट्यावर ठेवले. "पाहुणे बघायचे तर आधी त्यांना बोलवायला नको का?" एवढेच त्या म्हणाल्या.

पाहुणे आले. आधी सातभाईंचा गलबला, मग साळुंक्या, बुलबुल आणि शेपटी नाचवीत एक दयाळ. आमचे परस बेताचेच. एक शेवगा, एक कढीनिंब आणि भिंतीपलीकडून डोकावणारा शेजाऱ्यांचा उंबर. पण मुले आता आपण होऊन पहाटे उठू लागली.

एके सकाळी त्या उंबरावर तपकिरी अंगाचा, पांढऱ्या ठिपक्यांचा एक पक्षी येऊन बसला. "काका, हा कोण?" आम्ही क्षणाचाही विलंब न लावता सांगितले, "ससाणा." थोरल्याने तसे वहीत लिहिले. चार दिवसांनी धाकटी धावत आली. "काका, ससाणा उंबरे खातो का हो?"

प्रश्न साधा होता, पण उत्तर नव्हते. अखेर पुस्तक उघडले, तेव्हा कळले की तो ससाणा नव्हे, ती कोकिळेची मादी! पुढचा धक्का याहून मोठा होता. 'कुहू' म्हणून जो गातो तो काळाभोर नर. मादीचा आवाज नुसता 'किक् किक्' असा. मराठीत एम. ए. करून कोकिळेच्या मंजुळ कंठाचे रसग्रहण आम्ही किती वर्गांना लिहून दिले असेल, त्याची गणती नाही. गाणारी कोकिळा काव्यात होती. झाडावर मात्र कोकीळ गात होता, आणि आम्ही कधी मान वर करून पाहिलेच नव्हते.

त्या वेळी डॉ. सलीम अली यांच्या बालपणीची गोष्ट आठवली. लहानपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. त्यांनी मामांना, अमिरुद्दीन तय्यबजींना, विचारले. मामा शिकारी असूनही त्यांना ती ओळखता आली नाही, आणि त्यांनी भाच्यास मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे पाठविले. मामांनी आमच्यासारखे ठोकून काहीतरी सांगितले असते तर? वडीलधाऱ्याच्या एका प्रामाणिक 'ठाऊक नाही'तून देशाला थोर पक्षितज्ज्ञ मिळाला.

तेव्हापासून आमच्या परसदारच्या शाळेत एकच नियम आहे. 'ठाऊक नाही, बघू या.' वहीत आधी वेळ, मग रंग, चोच, आणि पक्षी काय करीत होता ते; नाव सर्वांत शेवटी.

नावे शोधताना एक निराळाच ठेवा हाती लागला. 'टुक टुक' असा ठोक्यांचा आवाज करणारा हिरवा पक्षी आमच्या मातोश्रींच्या तोंडी तांबट. भिंतीपलीकडच्या बा त्याला 'कंसारो' म्हणतात. अर्थ एकच! पाने शिवून घरटे करणारा आमचा शिंपी, त्यांचा 'दरजीडो'. आमच्या हुदहुदास त्यांनी 'घंटीटांकणो', म्हणजे जात्याला टाकी लावणारा, म्हटले. जमिनीत चोच मारताना त्याला पाहावे आणि नाव पटावे. पिढ्यान्‌पिढ्या घरात मराठी आणि दारात गुजराती बोलणाऱ्या आमच्यासारख्यांच्या मुलांना या दोन भाषांचे नाते इतक्या सहजतेने आम्ही वर्गात कधी समजावू शकलो नव्हतो.

खरी परीक्षा झाली ती उत्तरायणास. १४ जानेवारीला वडोदऱ्यात आकाश दिसत नाही, पतंगच दिसतात. थोरल्याचा जीव पतंगात. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ सालीच बंदी घातली आहे. पण काचेची पूड लावलेला सुती दोराही पंख चिरतोच. जखमी पक्ष्यांसाठी गुजरातेत दरवर्षी 'करुणा अभियान' चालते ते उगीच नव्हे. आम्ही मुलास काही बोललो नव्हतो; सणाच्या दिवशी उपदेश कोणाला रुचतो? संध्याकाळी पाच वाजता, ऐन रंगात आलेल्या गच्चीवर, त्याने आपण होऊन पतंग उतरविला आणि फिरकी गुंडाळली. मित्रांनी चिडविले. तो म्हणाला, "आता बगळे परततील." दोन महिने त्याने वहीत टिपून ठेवले होते, की दिवस मावळताना त्यांची रांग आमच्या गच्चीवरूनच विश्वामित्रीकडे जाते.

त्याला हे कोणी शिकविले नव्हते. त्याने फक्त पाहिले होते.

१९९८ साली अमेरिकेत सुरू झालेली परसातल्या पक्ष्यांची गणना २०१३ पासून भारतातही होते. फेब्रुवारीतले चार दिवस, एका वेळी निदान पंधरा मिनिटे. पण तोवर थांबावयाचे कारण नाही. दुर्बीण नसली तरी चालेल. एक परळ असावे, त्यातील पाणी रोज बदलावे, घरट्यांच्या जवळ जाऊ नये, आणि मुलांच्या शेजारी गप्प बसावे. यांतले शेवटचेच काय ते अवघड, विशेषतः आम्हां मास्तर मंडळींना!