शाकारणीआधीचा दर्या

कोकणच्या किनाऱ्याने शिडाच्या बोटीतून जायचं तर पौष-माघात जावं, असं जाणते सांगतात, आणि ते खरंच आहे. त्या दिवसांत रात्री जमिनीवरून मतलई वाहते, दुपारी समुद्रावरून खारा वारा येतो, आणि या दोघांच्या आधाराने उत्तरेला जा की दक्षिणेला, वाट सुखाची असते. तरीही मला हा किनारा पाहावासा वाटतो तो मे सरता सरता. हिवाळ्यात सगळ्या खाड्या सारख्याच प्रेमळ वाटतात. मे अखेरीला त्यांतली प्रत्येक आपल्या खऱ्या स्वभावावर येते.

सकाळी वारा नसतो. शीड डोलकाठीला लोंबत राहतं, लोखंडी कप्पीला हात लावला तर चटका बसतो, आणि सह्याद्री उन्हाच्या धुरकटीत पार नाहीसा झालेला असतो. किनाऱ्याची तेवढी एक तपकिरी रेघ दिसते, वर माडांची काळपट किनार. मग अकराच्या सुमारास वायव्येकडे पाण्यावर एक गडद पट्टा उमटतो. तो जवळ येतो, शीड फुगतं, आणि सकाळभर मुकी असलेली बोट बोलू लागते. दोर कुरकुरतात, नाळेखाली पाणी खळखळतं. तीन वाजता वारा पंधरा नॉटच्या पुढे गेलेला असतो. दक्षिणेला निघालेल्या बोटीला तो मागून, जरा उजव्या अंगाने मिळतो. याहून चांगला वारा मागू नये. खांदेरीचं 1867 सालचं दीपगृह दुपारी मागे टाकलं, तर मुरूडपर्यंतचे सुमारे पंचवीस सागरी मैल उजेड असेतो कापून होतात. आधी पद्मदुर्ग दिसतो, मग जंजिऱ्याचा तट.

पण हाच वारा परतीच्या वाटेवर नाकासमोर येतो. मे महिन्यात रात्रीही जमीन पुरेशी निवत नाही, म्हणून मतलई दुबळी पडते, आणि उत्तरेला जाणाऱ्याला कोणाचाच आधार उरत नाही. मंगळुरी कौलं, मलबारचं लाकूड आणि नारळ भरून मुंबईकडे निघालेल्या जुन्या गलबतांना या दिवसांचा धाक होता तो यासाठी. आमच्या किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांची कौलं अशी शिडाच्या जोरावर, पावसाच्या मुदतीच्या आत आलेली आहेत. पावसात त्या छपराखाली निजताना मला हटकून त्या तांडेलांची आठवण होते. उशीर झाला असता तर माल नव्हे, माणसंच गेली असती.

मुदत संपत आल्याची पहिली खूण वारा देत नाही. ती पाणी देतं. एखाद्या पहाटे, पानही हलत नसताना, नैर्ऋत्येकडून लांब, गुळगुळीत लाटा येऊ लागतात. एक येऊन गेली की दुसरीला पंधरा सेकंदांहून अधिक वेळ लागतो. तिला फेस नसतो, आवाज नसतो. बोट सावकाश वर जाते, सावकाश खाली येते, आणि रिकामं शीड दर वेळी फटकन आपटतं. या लाटा इथल्या नसतातच. दक्षिण हिंदी महासागरात तेव्हा हिवाळा लागत असतो. तिथल्या वादळांनी उठवलेलं पाणी हजारो किलोमीटर चालून कोकणात पोचतं. खोल पाण्यात त्यांचा उपद्रव नाही. पण उथळाला लागल्या की त्या उभ्या राहतात. जानेवारीत ज्या बुडीत खडकावरून नकळत होडी जाते, त्याच्या माथ्यावर आता दर थोड्या वेळाने पांढरं फुटतं. नकाशावर खडक आहे म्हणून लिहिलेलं असतं. मे महिन्यात ते पाण्यावर लिहिलेलं दिसतं.

खाड्यांचंही तसंच. बाणकोट, दाभोळ यांच्या मुखांशी वाळूचे दांडे आहेत. लाट वाढली की तिथे पाणी फुटतं आणि आत शिरणं जोखमीचं होतं. हर्णै तर उघडं बंदर, सुवर्णदुर्गाचा आडोसा तेवढाच. हवा बिघडली की तिथल्या बोटी आंजर्ल्याच्या खाडीत पळतात. उलट जयगड आणि विजयदुर्ग यांची मुखं खोल आहेत, आणि नैर्ऋत्येची लाट अडवायला डोंगर पुढे आलेले आहेत. आंग्र्यांच्या आरमाराने विजयदुर्ग का धरला हे पुस्तकात वाचून मला नीट उमजलं नव्हतं. रत्नागिरीहून दक्षिणेला जाताना एका संध्याकाळी त्या भुशिरामागे वळलो, आणि बाहेर उसळणारं पाणी क्षणात आडवं झालं, तेव्हा ते अंगाला कळलं.

त्या दिवशी मला खरं तर मालवण गाठायचं होतं. वारा छान होता. आमच्या बोटीच्या तांडेलमामांना म्हटलं, "मामा, असंच पुढे जाऊ या की." ते बराच वेळ नैर्ऋत्येकडे बघत राहिले. "नको. मालवणच्या खडकांत ही लाट घेऊन रात्रीचं शिरायचं नाय. इथंच नांगर टाकू," म्हणाले. मला त्या नकाराचं फार मोल वाटतं. शीड कधी चढवायचं हे कोणीही शिकतो. वारा अनुकूल असताना ते उतरवायला फार वर्षं दर्यावर काढावी लागतात.

मोठ्या सफरींचंही वेळापत्रक पावसाळ्याच्या याच दाराशी येऊन थांबतं. गोव्यात दिवाडीला बांधलेल्या 'म्हादेई' या शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून दिलीप दोंदे मुंबईला पोचले ते 19 मे 2010 रोजी. 'तारिणी' नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांना घेऊन तशीच प्रदक्षिणा करून गोव्यात परतली ती 21 मे 2018 रोजी. केप हॉर्नचा वळसा दक्षिणेकडच्या उन्हाळ्यात घ्यायचा, आणि घर मोसमी पावसाच्या आत गाठायचं, असं हे गणित.

गणित अलीकडे डळमळतं आहे, हेही सांगायला हवं. 2020 साली 3 जूनला 'निसर्ग' वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, पुढच्या मे महिन्यात 'तौक्ते' सगळं कोकण झोडपत गेलं, आणि 2025 साली मोसमी पाऊस 25 मे रोजीच देवगडला पोचला. मासेमारी बंदी 1 जूनला लागते, पण आता जाणती माणसं पंचांगाआधी वेधशाळेचा निरोप विचारतात. मे अखेरीचे ते मोकळे दिवस कमी होत आहेत याचं मला फार वाईट वाटतं.

विजयदुर्गात आम्ही शिरलो तेव्हा रोहिणी लागायला आल्या होत्या आणि काठावर शाकारणीची, म्हणजे होड्या वर ओढून पावसाळ्यासाठी झाकून ठेवायची, घाई होती. अंगणाअंगणांतून वाकट्या आणि बोंबील वाळत होते, डोलकाठ्या उतरवून आडव्या ठेवल्या होत्या, माडाच्या झापांचे ढीग पडले होते. बोट वर ओढायची तर उधाणाची भरतीच लागते. पौर्णिमा-अमावास्येला ती इथे दुपारी आणि मध्यरात्री येते. ही पौर्णिमा हुकली तर अमावास्येपर्यंत थांबायचं, आणि तोवर बाहेरची लाट आत पोचायची. म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी सगळा गाव पाण्यात उभा होता. ओंडके टाकलेले, दोर ताणलेले, म्हातारे काठावरून ओरडून दिशा सांगत होते. आमच्या पुढे अजून तीन होड्या होत्या आणि पाणी चढायचं थांबलं होतं, तेव्हा मामांनी माझ्या हातात दोर दिला आणि आम्हीही पुढच्या होडीला खांदा लावायला उतरलो.