अनवाणी फेरी

वय वाढले की माणसाला काही ना काही खोड जडते. कुणी तपकीर ओढतो, कुणी शेजाऱ्याच्या वर्तमानपत्रात डोकावतो. माझी खोड जरा चमत्कारिक आहे. कुठेही सामना असला की खेळ सुरू होण्यापूर्वी मी चपला काढतो आणि मैदानावरून एक फेरी मारून येतो. घरची मंडळी तिला 'प्रदक्षिणा' म्हणतात. ही थट्टा मला बोचत नाही. बोचते ते एकच. एकदा मी ती फेरी मारली नव्हती.

ही फेरी शिकवली आमच्या गावच्या तात्यांनी. कबड्डीचे मैदान तयार करणे हे त्यांचे व्रतच होते. पावसाळा ओसरला की ते जमीन खणीत, ढेकळे फोडीत, माती चाळून घेत. त्यातून निघालेले खडे, काचा, खिळे एका डब्यात साठवीत. मग पाणी, मग धुम्मस, पुन्हा पाणी. आणि सर्वांत शेवटी फक्कीच्या रेषा. एवढे करूनही सामन्याच्या दिवशी ते अनवाणी चालून पाहत. "खडा डोळ्याला दिसतो, पोकळ जागा टाचेलाच कळते," असे ते म्हणत. फार सुकलेली जमीन गुडघे सोलते, फार भिजलेली पाय घसरवते; पण सर्वांत वाईट ती, जी वरून कोरडी आणि आतून ओली.

1978 सालची दिवाळी. आमच्या मंडळाचा अंतिम सामना, आणि मंडळाचा चिटणीस मी. वय वर्षे बावीस! आदल्या रात्री पाऊस कोसळला. सकाळी तात्या फेरी मारून आले आणि म्हणाले, "आज नको. दोन दिवसांनी खेळवू." पण प्रमुख पाहुणे तालुक्याहून निघाले होते, बत्त्या भाड्याने आणल्या होत्या, गावोगावचे लोक जमू लागले होते. मी चार पाट्या कोरडी माती आणवली आणि ओल्या जागेवर पसरली. मैदान कसे नव्याने सारवलेल्या अंगणासारखे दिसू लागले! तात्यांनी माझ्याकडे एकदाच पाहिले आणि ते वडाखाली जाऊन बसले.

माझा धाकटा भाऊ चढाईला गेला. दोन गडी टिपून परतताना त्याने झटकन अंग वळवले. अंग वळले, पाऊल मात्र चिखलात रुतून तसेच राहिले. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज मला टेबलापाशी ऐकू आला. त्यानंतर तो कधी कबड्डी खेळला नाही. त्याने मला दोष दिला नाही, तात्यांनीही 'मी सांगितले होते' असे म्हटले नाही. दोघांपैकी कुणी दोन शब्द सुनावले असते, तर मला बरे वाटले असते.

पुढे 1998 साली जमैकातल्या सबिना पार्कवर वेस्ट इंडीज आणि इंग्लंड यांचा कसोटी सामना अवघ्या 10.1 षटकांत थांबवला गेला. चेंडू कुठे उसळेल याचा नेम नव्हता. 2009 च्या डिसेंबरात दिल्लीच्या कोटला मैदानावर भारत-श्रीलंका सामनाही तसाच अर्ध्यावर सोडावा लागला. लोक चिडले, आणि खेळपट्टीची नामुष्की होतीच. पण मला मात्र थांबवणाऱ्यांचा हेवा वाटला. ज्यांना साऱ्या जगासमोर 'पुरे' म्हणता आले, ते मला एका गावासमोर म्हणता आले नव्हते!

आता माती जाऊन बऱ्याच ठिकाणी मॅट आली. गेल्या वर्षी नातीचा सामना होता. मी चपला काढताच ती लाजून म्हणाली, "आजोबा, मॅटमध्ये कुठले खडे?" खडे नव्हतेच. पण एका कोपऱ्यात दोन तुकड्यांचा सांधा बोटभर उचलला गेला होता. मी संयोजकाला दाखवला. विशी-बाविशीचा पोरगा! त्याने घड्याळाकडे पाहिले, पाहुण्यांच्या खुर्चीकडे पाहिले. माझ्या छातीत धडधडू लागले. मग त्याने हात वर केला आणि सामना थांबवून ठेवला. दहा मिनिटे सांधा बसवण्यात गेली. प्रेक्षक शिट्ट्या मारीत होते.

मी जागेवर येऊन बसलो. शेजारी धाकटा गुडघा चोळीत बसला होता.

"दादा," तो हळूच म्हणाला, "आता चपला घाल. फरशी गार आहे."