औषध नाही देलं, मंग फी कायची?

हे वाक्य माझ्या सासूबाईंचं. आमची लेक साडेतीन वर्षांची. दोन आठवडे झाले, नाक वाहतंय आणि खोकला आहे. दिवसा कमी, रात्री जास्त. बालरोगतज्ज्ञ मॅडमनी तिची छाती ऐकली, कान-घसा पाहिला, बोटाला ऑक्सिजन लावून बघितलं, वजन केलं आणि चिठ्ठीवर दोनच गोष्टी लिहिल्या. नाकात टाकायचे मिठाच्या पाण्याचे थेंब, आणि ताप आलाच तर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल. खोकल्याचं औषध नाही. घरी चिठ्ठी दाखवली तर आई म्हणाल्या, "औषध नाही देलं, मंग फी कायची घेतली बाप्पा?"

मला हसू आलं, पण त्यांचंही बरोबरच आहे. त्यांच्या लहानपणी दवाखाना म्हणजे कंपाउंडरनं भरून दिलेली गुलाबी पाण्याची बाटली, तिच्यावर कातरलेल्या कागदाची पट्टी, एका खाचेला एक डोस. बाटली मिळाली म्हणजे उपचार झाला. आपण शिकलेली माणसं फार वेगळं वागतो असं मला वाटत नाही. आपली बाटली फक्त छापील लेबलाची असते.

त्या दिवशी मॅडमनी दहा मिनिटं बसवून समजावलं, ते इथे लिहिते. बऱ्याच आयांना हे कुणी सांगतच नाही. लहान मुलाला वर्षात सहा ते आठ वेळा सर्दी होणं हे नेहमीचं आहे. बालवाडीत जायला लागलं की पहिल्या वर्षी जरा जास्तच. प्रत्येक सर्दीचा खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो. आता आठ सर्द्या गुणिले दोन आठवडे करून बघा. थंडीच्या दिवसांत एक संपायच्या आत दुसरी सुरू होते आणि आपल्याला वाटतं पोरगी तीन महिने सतत खोकतेय. रात्री जास्त का? आडवं झालं की नाकातलं पाणी मागच्या बाजूनं घशात उतरतं, आणि ते फुफ्फुसात जाऊ नये म्हणून शरीर खोकतं. हा खोकला दाबला तर फायदा कुणाचा? हे बहुतेक वेळा विषाणूंचं काम असतं, त्यामुळे अँटिबायोटिकचाही उपयोग नाही.

मग करायचं काय? झोपायच्या आधी आणि जेवायच्या आधी नाकात थेंब टाकून नाक मोकळं करायचं. कोमट पाणी, वरणाचं पाणी, जे पिईल ते. वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला झोपताना अर्धा चमचा मध. वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मध अजिबात नाही, चाटवायलासुद्धा नाही, त्यातून बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. आणि वाफ द्यायला उकळत्या पाण्याचं पातेलं मुलाजवळ नेऊ नका, सर्दीपेक्षा भाजण्याचा धोका मोठा.

घाबरायचं कधी, तेही त्यांनी सांगितलं. मूल शांत किंवा झोपलेलं असताना शर्ट वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. एक ते पाच वर्षांच्या मुलाचे 40 किंवा जास्त झाले, दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे 50 किंवा जास्त झाले, तर लगेच दवाखाना. श्वास घेताना फासळ्यांखालची जागा आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, मूल पाणी-दूध पीत नसेल, मलूल पडलं असेल, तर रात्र असो की दिवाळी, थांबायचं नाही. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाच्या बाबतीत तर घरी वाट बघायचीच नाही. सर्दी नसताना खेळता-खाता अचानक ठसका लागून खोकला सुरू झाला तर शेंगदाणा किंवा फुटाणा श्वासनलिकेत गेलेला असू शकतो. आणि खोकला दोन आठवड्यांपुढे गेला तर परत दाखवायचं, कारण टीबी आणि दम्याचा विचार तेव्हा करावाच लागतो. आम्ही काल परत जाऊन आलो. छाती साफ आहे, वजन घटलेलं नाही, अजून आठवडाभर बघू म्हणाल्या.

हे सगळं कळूनही बाटली घ्यावीशी वाटते, हे सांगितलं पाहिजे. बालवाडीच्या ग्रुपवर मेसेज येतो, "खोकला असणाऱ्या मुलांना कृपया पाठवू नये." मी पाठवलं नाही तर मला रजा टाकावी लागते, आणि या वर्षीच्या माझ्या किरकोळ रजा कधीच संपल्यात. यांचं काम फिरतीचं. रात्री दोनला पोरगी खोकते तेव्हा सासरे उठतात, आई उठतात, शेजारच्या भिंतीवर टकटक होते. सकाळी सगळ्यांचे चेहरे एकच विचारतात, "अजून काही दिलं नाही?" कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याला वयसुद्धा सांगावं लागत नाही, तो फक्त विचारतो, "कोरडा की ओला?" आणि तीन बाटल्या काउंटरवर ठेवतो. म्हणजे सिरप प्यायचं पोरीनं, पण झोप हवी आम्हाला, हजेरी हवी ऑफिसला आणि शांतता हवी बालवाडीला.

आता त्या बाटलीकडे येते. मी नागपूरला राहते. इथून सव्वाशे किलोमीटरवर छिंदवाडा. सौंसर, पांढुर्णा हा तिकडचा पट्टा तर मराठी बोलणारा, आमच्याकडे अर्ध्या घरांची सोयरीक तिकडे आहे. 2025 च्या सप्टेंबरमध्ये परासिया भागातली लहान मुलं साध्या सर्दी-खोकल्यानं आजारी पडली, औषध घेतलं, आणि काही दिवसांत त्यांची लघवी बंद झाली. किडन्या निकामी. बरीच मुलं उपचाराला नागपुरात आणली. वीसाहून जास्त मुलं गेली, बहुतेक पाच वर्षांच्या आतली. ऑक्टोबरच्या सुरुवातीला तामिळनाडूच्या औषध विभागाचा अहवाल आला. कांचीपुरम जिल्ह्यात तयार झालेल्या कोल्ड्रिफ सिरपच्या त्या बॅचमध्ये 48.6 टक्के डायइथिलिन ग्लायकॉल होतं. मर्यादा आहे 0.1 टक्का. म्हणजे जवळपास अर्धी बाटली विष. कारखान्याच्या तपासणीत साडेतीनशेहून जास्त त्रुटी सापडल्या. साडेतीनशे! त्या काही एका रात्रीत झालेल्या नसणार. त्याआधी तिथे कोण तपासायला जात होतं?

तेव्हा फेसबुकवर बऱ्याच लोकांनी लिहिलं, "आईबाप इतक्या लहान मुलांना सिरप देतातच कशाला?" मला त्याचा आजही राग येतो. त्या आईबापांनी मूल डॉक्टरकडे नेलं, चिठ्ठी घेतली, दुकानातून सीलबंद बाटली विकत आणली आणि झाकणानं मोजून पाजली. याहून जबाबदारीनं काय वागायचं असतं? बाटलीत काय आहे ते बघणं त्यांचं काम नव्हतं. ज्यांचं काम होतं त्यांना पगार मिळतो.

हे डायइथिलिन ग्लायकॉल काही नवीन नाही. रंग नाही, चव गोड. औषध विरघळवायला प्रॉपिलिन ग्लायकॉल किंवा ग्लिसरीन वापरतात, आणि ते औषधी दर्जाचं न घेता कारखान्यात वापरायचं स्वस्तातलं घेतलं की त्यातून हे येऊ शकतं. 1937 साली अमेरिकेत अशाच एका गोड औषधानं शंभरावर माणसं मेली, त्यात मुलं पुष्कळ होती. पुढच्याच वर्षी तिथे कायदा बदलला, औषध सुरक्षित आहे हे दाखवल्याशिवाय नवीन औषध बाजारात येईना.

आपल्याकडे 1986 ला मुंबईच्या जे. जे. हॉस्पिटलमध्ये ग्लिसरीनमधून हेच विष गेलं आणि 14 रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला, खरेदीपासून औषध प्रशासनापर्यंतचं सगळं बाहेर निघालं, आरोग्यमंत्री भाई सावंत यांना जावं लागलं. म्हणजे हा धडा महाराष्ट्रानं चाळीस वर्षांपूर्वी स्वतःच्या पैशानं विकत घेतलेला आहे. त्यानंतर 2019-20 च्या हिवाळ्यात जम्मूच्या रामनगर भागात मुलं गेली, कारण तेच. 2022 मध्ये आफ्रिकेतल्या गांबिया देशात भारतातून गेलेल्या सिरपशी जोडलेले साठहून जास्त मुलांचे मृत्यू झाले, त्याच वर्षी उझबेकिस्तानातही मुलं दगावली.

गांबियानंतर जगात नाचक्की झाली तेव्हा सरकार हललं. 1 जून 2023 पासून परदेशी पाठवायचं खोकल्याचं सिरप आधी सरकारी किंवा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून, दाखला घेऊनच बाहेर जाईल असा नियम झाला. चांगला नियम. पण तो निर्यातीपुरता. परासियाच्या दुकानात आलेल्या बाटलीला असा कुठलाही दाखला लागत नव्हता. तिच्यासाठी कंपनीनं स्वतःच स्वतःचं तपासायचं, आणि सरकारनं नंतर कधीतरी दुकानातून नमुना उचलायचा. तो नमुना प्रयोगशाळेत रांगेत उभा राहणार, अहवाल येईपर्यंत बाकीचा माल विकून, पिऊन संपणार. गांबियातल्या मुलाला जे संरक्षण दिलं ते छिंदवाड्याच्या मुलाला नाही, हे कुठल्या हिशोबात बसतं ते मला अजून कुणी समजावलेलं नाही.

सल्ल्यांची मात्र कमतरता नाही. सर्दीच्या सिरपमधल्या क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन या जोडीच्या बाटलीवर "चार वर्षांखालील मुलांना देऊ नये" असं छापा, असा आदेश 2023 च्या डिसेंबरमध्येच निघाला होता. छिंदवाड्यानंतर केंद्रानं परत पत्रक काढलं, दोन वर्षांखाली खोकल्याची सिरपं देऊ नका, पाच वर्षांखाली शक्यतो टाळा. पत्रक बरोबरच आहे. पण ते दवाखान्याच्या भिंतीवर लागलेलं मी तरी पाहिलं नाही. आमच्या कोपऱ्यावरच्या काउंटरवर तर ते अजून पोचलेलंच नाही, कारण "कोरडा की ओला" मागच्या शनिवारीही चालूच होतं. लहान टायपातली ती इंग्रजी ओळ वाचायला सासूबाईंना तर सोडाच, मलाही मोबाईलचा टॉर्च लावावा लागला. ही सूचना मराठीत, मोठ्या अक्षरात, बाटलीच्या पुढच्या बाजूला का असू नये?

आमच्या घरापुरतं सांगायचं तर आईंनी आता श्वास मोजायला शिकून घेतलंय. घड्याळ घेऊन बसतात, एका मिनिटाचे आकडे कॅलेंडरवर लिहितात. काल रात्री 26 होते. आज सकाळी 24.

आणि एक काम मी केलंय. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे माहिती अधिकारात अर्ज टाकलाय, दहा रुपये फी, ऑनलाइन जातो. तीन प्रश्न विचारलेत. गेल्या तीन वर्षांत नागपूर विभागात लहान मुलांच्या पातळ औषधांचे किती नमुने घेतले. प्रत्येकाचा अहवाल यायला किती दिवस लागले. आणि जे नमुने नापास झाले, त्यांचा अहवाल येईपर्यंत त्या बॅचच्या किती बाटल्या विकल्या गेल्या होत्या. उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे. तुमच्या विभागासाठी कुणाला हाच अर्ज करायचा असेल तर मसुदा मराठीत तयार आहे, मागा, पाठवते. माझं उत्तर आलं की जसंच्या तसं इथे टाकेन, नाही आलं तर तेही टाकेन.