पोर गप्प बसतं तेव्हा

रातपाळी करून आलं की अंगाचा पार भुगा झालेला असतो. तरी पोरांची तोंडं आधी बघावी लागतात. ताप असेल तर कपाळाला हात लावून कळतो; जातीवरून कुणी टोचलं तर कुठं हात लावायचा?

परवा पोरगी जेवेना. मी खोदून विचारलं नाही. शेजारी शेंगा फोडत बसलो. मग आपणच म्हणाली, "पप्पा, ती डब्याला मला जवळ घेत न्हाई. तिची आई नको म्हन्ती."

"बाबासाहेबांनी किती सोसलं, तू रडतीस?" असं म्हणून झोपायला जाणं सोपं. पण १९०० साली साताऱ्याच्या शाळेत घातलेला भिवाही पोरच होता. बसायचं गोणपाट रोज घरून न्यायचा, रोज परत आणायचा. पोराला आधी रडू द्यावं. तुझं काही चुकलं नाही, हे तोंडानं सांगावं. बाबासाहेब मग सांगावेत.

सकाळी न झोपता तिच्यासंगं शाळेत गेलो. बाईंपुढं तीच बोलली. मी मागं उभा.

सतराव्या कलमानं १९५० सालीच अस्पृश्यता संपवली. डब्याशी ती अजून बसते. दमलेल्या मायबापांनो, तिथं पोराला एकटं धाडू नका.