शंभर घरांचा चौरस

दहा ओळी, दहा रकाने. प्रत्येक ओळीत आणि प्रत्येक रकान्यात ० ते ९ हे अंक एकेकदाच. असा लॅटिन चौरस कुणालाही मांडता येतो. कस लागतो तो त्याचा जोडीदार शोधताना. दोन्ही चौरस एकावर एक ठेवले की शंभर घरांत शंभर वेगवेगळ्या जोड्या यायला हव्यात, एकही जोडी दोनदा येता कामा नये. दहाच्या चौरसाला असा जोडीदार नसणार, असं ऑयलरनं १७८२ साली म्हणून ठेवलं होतं. १९५९ साली राजचंद्र बोस, शरदचंद्र श्रीखंडे आणि पार्कर या तिघांनी ते खोटं ठरवलं. ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं ती बातमी पहिल्या पानावर छापली होती.

त्यांतले श्रीखंडे १९६३मध्ये मुंबई विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख म्हणून आले आणि १९७८मध्ये निवृत्त झाले. मी विद्यापीठाच्या कलिना संकुलात एम.एस्सी.साठी पोचले ती त्यानंतर. पण त्यांच्या तालमीतली माणसं होती, आणि त्यांच्याकडूनच हा चौरस माझ्या वहीत आला. त्यांतल्याच एका सरांनी फळ्यावर दोन्ही चौरस पुरे केले, हातावरचा खडू झटकला आणि विचारलं, एकमेकांशी असे जुळणारे दहाचे तीन चौरस असतील का? उत्तर कुणालाच माहीत नाही, असंही सांगितलं. ज्या प्रश्नाचं उत्तर शिकवणाऱ्याकडेही नाही असा प्रश्न मला त्याआधी कुणी दिलेला नव्हता. तो अजून सुटलेला नाही. इतका वेगवान संगणक हाताशी आला, तरीही नाही.

पुढे मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात शिकवायला लागले. मुंबई विद्यापीठाची हद्द थेट सिंधुदुर्गापर्यंत, त्यामुळे विभागाशी नातं टिकवायला वेगळं काही करावं लागलं नाही. पेपर तपासायला रात्रीच्या एसटीनं मुंबई गाठायची, उन्हाळ्यात उजळणी वर्गाला जायचं. तपासणीत जेवायच्या सुट्टीत बरोबरीचे भेटत. कुणी पालघरला, कुणी कणकवलीला, कुणी गणित सोडून बँकेत गेलेलाही सहज डोकावून जाई. मुलाबाळांची चौकशी दोन मिनिटांत उरके. मग कुणीतरी उत्तरपत्रिकेच्या पाठकोऱ्या कच्च्या कागदावर काहीतरी मांडायला घेई, आणि आम्ही पुन्हा एका वर्गात बसलेलो असू.

दापोलीला कृषी विद्यापीठात काम करणाऱ्या एका स्नेह्यांच्या भातखाचरात मला तो चौरस जमिनीवर पाहायला मिळाला. पाच वाणांची चाचणी, पाच ओळी, पाच रकाने, प्रत्येक वाण प्रत्येक ओळीत आणि रकान्यात एकदा. उतारावरच्या जमिनीचा कस वरून खाली बदलतो, आडवाही बदलतो. कुठल्याच वाणाच्या वाट्याला फक्त चांगली किंवा फक्त हलकी जागा येऊ नये म्हणून ही मांडणी. बोस आणि श्रीखंडे दोघेही याच प्रयोगरचनेच्या शास्त्रातून आलेले. हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण त्या बांधावर उभं राहून मला ते आतून पटलं. सरांना पत्रानं कळवलं. त्यांचं उत्तर आलं ते सगळं गणिताचंच : उतार तिरपा असेल तर काय कराल?

माझ्या वर्गातून जी मुलं कलिनाला गेली, त्यांना जाताना मी तीन चौरसांचा प्रश्न दिला. त्यांतली एक आता तिथल्याच पदवीवर मुंबईत शिकवते. २१ एप्रिल २०२० रोजी श्रीखंडे गेले, वयाच्या एकशे दोनाव्या वर्षी. टाळेबंदी होती, कुणी कुणाकडे जाऊ शकत नव्हतं. त्या दिवसांत मला आलेले बहुतेक फोन अशा माणसांचे होते ज्यांनी त्यांना वर्गात कधी पाहिलंच नव्हतं. तिचाही आला. बोलणं दुखवट्यावरून रचनेवर कधी गेलं, ते आम्हा दोघींनाही कळलं नाही.

माजी विद्यार्थ्यांचे मेळावे मला आवडतात, देणग्यांची गरजही मी जाणते. पण गणित विभागाला आपली माणसं धरून ठेवायची असतील तर त्यांना काम द्यावं, असं मला मनापासून वाटतं. परदेशी गेलेल्यांची आठवण आपोआप राहते. तालुक्याच्या गावी वर्षानुवर्षं कलनशास्त्र शिकवणारे मात्र यादीतून गळतात, आणि विभागात येणारी निम्मी मुलं तर त्यांनीच घडवलेली असतात. त्यांना वर्षातून एकदा व्याख्यानाला बोलवा. सध्या विभागात कोणते प्रश्न चालू आहेत, ते चार ओळींत कळवा. ग्रंथालयाचं ओळखपत्र आयुष्यभरासाठी द्या, आणि निवृत्तीनंतर कुणी एखादा सिद्धांत समजून घ्यायला आला तर त्याला खुर्ची आणि फळा मिळेल एवढं पाहा.